स्वभावाला औषध असतं का? व्यक्तिमत्त्वाच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. माझा विषय कळला की लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, पालकसभेनंतरच्या चहाला माणसं थांबवून विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात आणि बहुतेकांच्या तळाशी एकच म्हण असते: स्वभावाला औषध नाही. ही म्हण कुठे खरी ठरते आणि कुठे नाही, ते गेल्या वीसेक वर्षांच्या संशोधनाने बरंच उलगडलंय. पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते.

स्वभाव मोजतात तरी कसा?

सुरुवात शब्दकोशापासून झाली. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा एक जाडजूड कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचून काढले. त्यामागचा विचार मला फार आवडतो. माणसं एकमेकांत जे सारखं पाहतात, ज्याबद्दल सारखं बोलावं लागतं, त्याला भाषा आपोआप शब्द घडवते. मराठीच बघा ना: भिडस्त, फटकळ, चेंगट, धांदरट, नेटका, हळवा, तिरसट, खमक्या, आतल्या गाठीचा. यातला एकही शब्द तज्ज्ञांनी बनवलेला नाही.

पुढच्या पन्नासेक वर्षांत असे शब्द हजारो लोकांना लावून बघितले गेले. कुठले शब्द एकाच माणसाला सोबत लागतात ते तपासताना पाच मोठे गठ्ठे हाती आले. त्यांनाच ‘बिग फाइव्ह’ म्हणतात: माणसांत मिसळण्याची ओढ, दुसऱ्याशी जुळवून घेणं, कामातली शिस्त, मनाची चंचलता म्हणजे चटकन काळजीत किंवा रागात जाणं, आणि नव्या अनुभवांची ओढ. हे पाच खण नव्हेत, पाच फूटपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो आणि बहुसंख्य माणसं मधल्या भागात सापडतात.

तिशीनंतर स्वभाव पक्का होतो, हे खरं का?

ही समजूत जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. शंभर वर्षं हे वाक्य लोक प्रमाण मानत आले.

२००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी, त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणारी ९२ गटांची माहिती एकत्र केली. सरासरी माणूस वयाबरोबर अधिक शिस्तीचा आणि मनाने अधिक स्थिर होत जातो, आणि यातला मोठा भाग विशी ते चाळिशीच्या दरम्यान घडतो, असं दिसलं. म्हणजे नोकरी, संसार, मुलं, घराचे हप्ते यांच्या काळात. तिशीनंतरही हालचाल थांबत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण गल्लत नेहमी इथेच होते. पाचवीच्या वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करा. दहावीत पुन्हा तसंच करा. सगळीच उंच झालेली असतील, पण रांगेतला क्रम बराचसा तोच असेल. स्वभावाचंही असंच असतं. भिडस्त मुलगी चाळिशीत पुष्कळ धीट झालेली असते, पण तिची बोलकी मैत्रीण अजूनही तिच्यापेक्षा बोलकी असते. शाळासोबत्यांच्या मेळाव्यात ‘तू काही बदलली नाहीस’ हे वाक्य त्यामुळेच सुचतं.

हा क्रमसुद्धा कायमचा नसतो. अमेरिकेत १६ व्या वर्षी तपासलेल्यांना ६६ व्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा तो बेताचा टिकलेला दिसला. स्कॉटलंडमध्ये १९५० साली शिक्षकांनी १४ वर्षांच्या १,२०८ मुलांच्या स्वभावाची नोंद केली होती. त्यांतले १७४ जण २०१२ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी पुन्हा सापडले, आणि तेव्हाच्या नोंदीचा आताच्या स्वभावाशी जवळपास संबंधच उरला नव्हता. अर्थात तेव्हा नोंद शिक्षकांनी केली होती, म्हातारपणी स्वतः त्या माणसांनी आणि त्यांच्या जवळच्यांनी, आणि गटही लहान. त्यामुळे मी या निकालावर सगळा भार टाकणार नाही. पण म्हणीवरही टाकणार नाही.

वयाबरोबर आपोआप होतं ते ठीक. पण ठरवून स्वभाव बदलता येतो का?

थोडा येतो. आणि तो कसा येतो, हाच या सगळ्या संशोधनातला माझ्या लेखी सर्वांत मोलाचा भाग आहे.

नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७७ विद्यार्थी होते, मुदत १५ आठवड्यांची. आपल्याला कुठला गुण बदलायचाय ते प्रत्येकाने निवडायचं आणि दर आठवड्याला त्यासाठी छोटी छोटी कामं घ्यायची. ज्यांनी कामं खरोखर पार पाडली, त्यांचा तो गुण हळूहळू सरकला. ज्यांनी नुसती निवडली आणि केली नाहीत, त्यांना काहीच लाभ झाला नाही. काहींच्या बाबतीत तर गाडी उलट दिशेला गेली. इच्छा सगळ्यांचीच होती. फरक पडला तो कृतीने.

२०२१ मध्ये मिर्याम श्टीगर यांच्या गटाने स्वित्झर्लंडमध्ये १,५२३ जणांना मोबाइलवर तीन महिने असंच मार्गदर्शन दिलं. हवा तो बदल लोकांना स्वतःत जाणवला आणि अ‍ॅप बंद झाल्यावर तीन महिन्यांनीही टिकून होता. ज्यांना एखादा गुण वाढवायचा होता, त्यांच्या घरच्यांना आणि मित्रांनाही तो दिसला. काही कमी करायचं होतं, उदाहरणार्थ चिडचिड किंवा काळजी, त्यांचा बदल मात्र जवळच्यांच्या नजरेत तितकासा आला नाही.

माझी एक विद्यार्थिनी होती. हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानाही खाली बघायची. सत्राच्या सुरुवातीला मी प्रत्येकाला चिठ्ठीवर स्वतःतला हवा असलेला एक बदल लिहायला सांगते. तिने लिहिलं, ‘मला बोलकं व्हायचंय.’ मी म्हटलं, हे फार मोठं झालं, लहान कर. दोघींनी मिळून ते कापत कापत इथवर आणलं: ‘सोमवारी कँटीनच्या काकांना विचारायचं, आज पोहे कसे झालेत?’ त्या सोमवारी ती वीसची नोट मुठीत धरून रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर चहाकडे बोट दाखवून परतली. मंगळवारी तेच. गुरुवारी विचारलं. काका म्हणाले, ‘तिखट झालेत गं आज, दही घे सोबत.’ तिच्या वहीत तारखेपुढे एवढंच होतं: ‘विचारलं. दही घेतलं.’ सत्र संपेस्तोवर अशा नोंदींनी चार पानं भरली. ती आजही कमीच बोलते. पण शेवटच्या महिन्यात तिने उभं राहून सांगितलं, ‘मॅडम, फळ्यावरची टक्केवारी चुकलीय,’ आणि ती खरोखर चुकली होती.

समुपदेशन आणि उपचारांनीही स्वभाव हलतो. रॉबर्ट्स यांच्याच गटाने २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र तपासले. उपचारांचा कालावधी सरासरी २४ आठवड्यांचा. सर्वांत जास्त बदल मनाच्या स्थिरतेत दिसला, आणि चिंतेच्या विकारासाठी आलेल्यांमध्ये तो सर्वाधिक होता.

माझा मुलगा अंतर्मुख आहे. त्याला ‘बाहेर काढायला’ हवं का?

आधी तो अंतर्मुख आहे की भिडस्त, ते बघा. अंतर्मुख मुलाला एकटं राहायला आवडतं. भिडस्त मुलाला चारचौघांत जायचं असतं, पण भीती वाटते. पहिल्याला काही झालेलं नाही. दुसऱ्याला वर सांगितलं तसं छोट्या पायऱ्यांनी बळ देता येतं.

माणसं जरा जास्त मोकळेपणाने वागली की त्या वेळी त्यांना बरं वाटतं, असं विल्यम फ्लीसन यांनी २००२ च्या सुमारास दाखवलं होतं आणि अंतर्मुखांनाही ते लागू पडलं. पण २०१९ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी लोकांना सलग आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं, तेव्हा मूळच्या अंतर्मुखांना फायदा कमी झाला, थकवा आला आणि ‘हे मी नव्हे’ असं वाटू लागलं. तासाभराचा मोकळेपणा वेगळा आणि आठवडाभराचं सोंग वेगळं. पाहुण्यांसमोर ‘बोल की रे, मुका आहेस का?’ असं म्हणणं मात्र आजपासून बंद करा. त्याने कुणीही बोलका झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

‘अगदी बापावर गेलाय’ म्हणतात. स्वभाव रक्तातून येतो का?

जुळ्या भावंडांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास एकत्र केले तर माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ४० टक्के अनुवंशिकतेशी जोडता येतो. ‘माझा ४० टक्के स्वभाव बाबांचा’ असा याचा अर्थ होत नाही. हा आकडा लोकसमूहातल्या फरकाबद्दल असतो, एकेका माणसाबद्दल नव्हे.

थोरला समजूतदार, मधला दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेलं. संशोधन काय सांगतं?

घरोघरी ऐकू येणारं हे सत्य आकड्यांत फारसं सापडत नाही. २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. जन्मक्रमाचा बिग फाइव्ह गुणांवर परिणाम दिसला नाही. बुद्धिमापन चाचणीत थोरल्यांना अगदी किंचित जास्त गुण होते, एवढंच. २०२४ च्या अखेरीस आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मधली आणि धाकटी मुलं, तसंच मोठ्या कुटुंबात वाढलेली मुलं, सहकार्याच्या बाबतीत थोडी पुढे दिसली. फरक लहान आहेत, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.

मग घरात ते इतकं खरं का वाटतं? कारण थोरला नेहमी वयाने मोठाच असतो. दहा वर्षांचा दादा सहा वर्षांच्या धाकट्यापेक्षा समजूतदार दिसणारच. त्याची तुलना करायची तर धाकट्याच्या दहाव्या वर्षाशी करायला हवी, आणि ती घरात कुणी करत नाही.

चार अक्षरांची व्यक्तिमत्त्व चाचणी आमच्या कंपनीत देतात. ती विश्वासार्ह आहे का?

मायर्स-ब्रिग्ज चाचणीबद्दल विचारताय. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या कल्पनांवरून ती बनवली. तिची अडचण अशी की ती प्रत्येक पट्टीचे दोन तुकडे करते आणि तुम्ही ज्या तुकड्यात पडाल त्याचं अक्षर तुम्हाला देते. मधल्या भागातली माणसं, म्हणजे बहुतेक सगळे, एका मार्काने इकडचे तिकडे होतात. महिना-दीड महिन्याने तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांना वेगळी अक्षरं मिळतात. सहकाऱ्यांशी गप्पा सुरू करायला ती चालेल, पण नोकरी आणि बढती त्यावर ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्या चाचणीतलं वर्णन मला तंतोतंत लागू पडलं! आणि राशीतलंही.

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘वैयक्तिक’ वर्णन ठेवलं. ते कितपत जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग फोररने उघड केलं की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून घेतली होती. मी दरवर्षी हा प्रयोग मराठीत करते. ‘तुम्ही वरवर खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ या वाक्याशी माना डोलायला लागतात. शेवटी शेजाऱ्याचा कागद वाचा म्हणते, तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

कुंडलीची कसोटी तर आपल्या पुण्यातच झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्माचे तपशील घेतले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कुठली कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. २००९ मध्ये हा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

खाऊची गोळी समोर ठेवली तरी न खाता थांबणारं मूल पुढे यशस्वी होतं, असं ऐकलंय. माझी मुलगी अजिबात थांबत नाही.

तुम्ही ऐकलंय ती वॉल्टर मिशेल यांची मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड गोळीची, चाचणी, स्टॅनफर्डच्या बालवाडीत सुमारे पन्नास वर्षांपूर्वी झालेली. आत्ता खाल्लीस तर एक, मी येईपर्यंत थांबलीस तर दोन. थांबणारी मुलं पुढे अभ्यासात सरस निघाली, असं तेव्हा दिसलं. पण ती मुलं मुख्यतः विद्यापीठाशी संबंधित घरांतली होती. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांवर हेच तपासलं. संबंध मूळच्या जेमतेम निम्मा भरला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर तोही बराचसा विरला.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१३ चा रॉचेस्टर विद्यापीठातला छोटा प्रयोग. २८ मुलं. आधी चित्रांसाठी छान रंग आणून देते असं मुलांना सांगितलं. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना ‘अगं, संपलेच की’ म्हणून रिकाम्या हातांनी परतलेली ताई दिसली. त्यानंतर गोळी ठेवली. पहिला गट सरासरी १२ मिनिटं थांबला, दुसरा ३ मिनिटं. ‘संध्याकाळी बागेत नेते’ हे ज्या मुलीने दहा वेळा ऐकलंय आणि बाग दोनदाच पाहिलीय, तिने हातातली गोळी लगेच खाणं शहाणपणाचंच आहे.

पैशाने सुख मिळतं का?

मिळतं. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये म्हटलं होतं की अमेरिकेत वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये तो वाढतच जाताना दिसला. मग कानमन आणि किलिंग्जवर्थ या दोघांनी मध्यस्थ म्हणून बार्बरा मेलर्स यांना घेतलं आणि माहिती पुन्हा एकत्र बसून तपासली. २०२३ चा निष्कर्ष असा की बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. सर्वांत दुःखी असलेल्या साधारण २० टक्के लोकांचा मात्र एका मर्यादेनंतर थांबतो, कारण त्यांचं दुःख पैशाने भागणारं नसतं. एकमेकांविरुद्ध लिहिलेल्या दोन शास्त्रज्ञांनी असं एकत्र बसणं, हे मला निष्कर्षाइतकंच मोलाचं वाटतं.

आनंदी राहण्याचे इतके उपाय सांगतात. भक्कम पुरावा कशाला आहे?

डनिगन फोक आणि एलिझाबेथ डन यांनी २०२३ मध्ये हेच तपासलं. माध्यमांतून सारख्या सुचवल्या जाणाऱ्या पाच गोष्टी त्यांनी घेतल्या: कृतज्ञता, माणसांत मिसळणं, ध्यान, व्यायाम, निसर्गात जाणं. कडक निकष लावल्यावर मोजके ५७ अभ्यास उरले. त्यांत कृतज्ञता व्यक्त करणं आणि माणसांशी बोलणं, या दोहोंची बाजू बरी निघाली. बाकी तिन्हींबद्दल चांगल्या प्रतीचे प्रयोग अजून अपुरे आहेत. व्यायाम सोडा असं यातून निघत नाही. शरीरासाठी त्याचे फायदे पक्के आहेत.

माणसांशी बोलण्याबद्दल एक सुंदर प्रयोग शिकागोच्या लोकल गाडीतला आहे, २०१४ चा. प्रवाशांना वाटत होतं की अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास कंटाळवाणा होईल. ज्यांना बोलायला लावलं त्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा सुखाचा झाला. मुंबईच्या लोकलमध्ये भाजी निवडता निवडता एकमेकींची दुःखं ऐकणाऱ्या बायकांना हे नव्याने सांगायची गरज नाही.

आज एक सांगतात, उद्या दुसरं. या संशोधनावर विश्वास ठेवायचा कसा?

शंका रास्त आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत ठोस परिणाम पुन्हा सापडला. छाती पुढे काढून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, हे प्रसिद्ध संशोधन मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच २०१६ मध्ये आपल्याला पटत नसल्याचं जाहीर केलं. तिच्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो.

व्यक्तिमत्त्वाची शाखा या झडतीत बरीच टिकली. क्रिस्टोफर सोटो यांनी २०१९ मध्ये स्वभाव आणि आयुष्यातल्या घडामोडींमधले ७८ संबंध पुन्हा तपासले, आणि सुमारे ८७ टक्के पुन्हा सापडले, जरी काहीसे फिके. माझा स्वतःचा नियम साधा आहे: किती माणसं होती, पुन्हा कुणी करून पाहिलं का, आणि बदल फक्त त्या माणसाने सांगितला की दुसऱ्या कुणालाही दिसला?

हे सगळं गोऱ्या लोकांवरचं. आपल्याला लागू पडतं का?

काही पडतं, काही नाही. ६२ देशांची तुलना करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात तरुणांचं परिपक्व होणं जवळपास सगळीकडे दिसलं, आणि जिथे नोकरीची जबाबदारी लवकर अंगावर येते तिथे ते लवकर घडतं. दुसरीकडे, बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती-शिकारीवर जगणाऱ्या लोकांत पाच गठ्ठे सापडलेच नाहीत. तिथे दोन दिसले: माणसांशी चांगलं वागणं आणि कष्टाळूपणा. आपल्याकडे इंग्रजी प्रश्नावल्यांची भाषांतरं वापरायची सवय आहे. ‘भीड’ या शब्दात भीती, आदर आणि संकोच एकत्र नांदतात, ते भाषांतरित प्रश्नावलीत कुठे बसवायचं? हे काम आपल्याच विद्यापीठांनी हाती घ्यायला हवं.

माणूस मुळात चिडका असेल तर समजू शकतो. पण स्वभाव कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

स्वभाव वर्षानुवर्षांचा असतो. पूर्वी हसता-खेळता असलेला माणूस दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास आहे, आवडत्या गोष्टींत मन रमत नाही, झोप आणि भूक बिघडलीय, कामावर जाणं जड झालंय, तर त्याला ‘स्वभाव’ म्हणू नका. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला गोळ्याही आहेत, समुपदेशनही आहे. ‘आधीपासून असाच आहे हो’ म्हणत वर्षं काढलेली घरं मी पाहिली आहेत. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि सकाळची वाट न पाहता आत्ताच फोन लावा.